पगडीचें दुःख

‘सर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण मूळची हिंदुस्थानी भाषेंतील. परंतु ती मराठींत इतकी रुळली आहे कीं, ती परकी आहे असें आज कोणास सांगूनहि पटावयाचें नाहीं. डोकें शाबूत असलें म्हणजे पागोटीं हवीं तितकीं मिळतील, हा तिचा सरळ अर्थ. कोणाचें घर आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें आणि सुदैवानें माणसें वांचलीं, कीं भेटावयास येणारा पहिला गृहस्थ हीच म्हण उच्चारतो, दुसरा तीच थोड्या निराळ्या शब्दांत सांगतो, आणि तिसरा तिला मान डोलावतो. “जीव वांचले ना? मग झालें तर! वस्तु काय, पुन्हां घेतां येतात.” बोलणाराच्या मनांत दुष्टावा नसतो, उलट कळवळाच असतो. तरीहि ज्याचें घर जळालें तो मनुष्य हे शब्द ऐकून खालीं मान घालतो आणि गप्प बसतो. तो गप्प कां बसतो, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आमचें मत असें कीं, ही म्हण खोटी नाहीं. परंतु ती कोणीं, कोणास आणि केव्हां सांगावी याविषयीं समाजांत मोठा घोटाळा आहे. आग पेटली असतां ती ज्यानें त्यानें स्वतःला सांगावी. आग विझल्यावर ती दुसऱ्यास सांगूं नये. आणि या दोहोंच्याहि पूर्वीं, म्हणजे घर सुखरूप उभें असतांना, कोणती पगडी पन्नास वेळां मिळते व कोणती एकदांच मिळते, याची निवड प्रत्येक कुटुंबानें करून ठेवावी.

प्रथम आगीच्या वेळेचा विचार करूं. आपल्या आजोबांच्या घरांत सामान असे तें लांकडाचें, कापसाचें व पितळेचें. आज आपल्या घरांत फोमच्या गाद्या आहेत, कृत्रिम धाग्याचे पडदे आहेत, आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनांतील नाना यंत्रें आहेत. अमेरिकेंतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेनें हा फरक प्रयोगानें दाखविला आहे. तिनें जुन्या पद्धतीच्या सामानाची एक व आधुनिक सामानाची एक, अशा दोन खोल्या पेटवून पाहिल्या. जुन्या खोलीस सर्व बाजूंनीं एकदम पेट घ्यावयास सुमारें अर्धा तास लागला. नवी खोली चार मिनिटांच्या आंत तशा स्थितीस पोंचली. त्या स्थितींत खोलींतील उष्णता सुमारें ६०० अंश सेंटिग्रेड असते, आणि कोणीहि मनुष्य तींत जिवंत राहूं शकत नाहीं. शिवाय ज्वाळा येण्यापूर्वींच धूर माणसास गांठतो. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो, त्याला वास नाहीं, रंग नाहीं. आणि फोम जळतांना हायड्रोजन सायनाइड हें जालीम विषहि त्यांत मिसळतें. मनुष्यास आपण गुदमरत आहों हें कळण्यापूर्वींच त्याची बुद्धि मंद होते व पाय लटपटतात.

हें सर्व सांगण्याचा हेतु एवढाच कीं, “एक मिनिटांत लॅपटॉप घेऊन येतों” असें म्हणून जो मागें वळतो, त्याच्यापाशीं तें मिनिट नसतें. येथें म्हणीचें राज्य निरपवाद आहे. विद्यार्थिमित्रहो, घरास आग लागली असतां वस्तु उचलूं नका. मोबाइल शोधूं नका. वह्यापुस्तकांकडे पाहूं नका. घरांतल्या माणसांस हांक मारा, धूर असेल तर जमिनीलगत वांकून चला, आणि बाहेर पडतांना दार मागें ओढून घ्या, म्हणजे आगीस वारा मिळत नाहीं. उंच इमारतींत लिफ्टचा आश्रय करूं नका, जिना धरा. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवा, आणि एकदां बाहेर आलेल्या माणसानें कोणत्याहि कारणास्तव पुन्हां आंत पाऊल टाकूं नये. कोणी आंत राहिलें असेल तर तें अग्निशामक दलाच्या जवानांस सांगावें. सर्वांनीं बाहेर कोठें जमावयाचें, तें झाड अथवा तो ओटा घरांतील प्रत्येकास आधींच माहीत असावा, म्हणजे कोण आलें व कोण राहिलें हें क्षणांत समजतें.

आतां आग विझली आहे असें समजूं. येथें मात्र आमचा म्हणीशीं मतभेद आहे.

गतवर्षीं आमच्या विद्यालयांतील नववीच्या वर्गांत शिकणाऱ्या एका मुलाचें राहतें घर जळालें. घर जुनें, माळा लांकडी. दुपारची वेळ होती म्हणून माणसें वांचलीं. त्याच्या वडिलांनीं हप्त्यांनीं घेतलेला एक संगणक त्या आगींत गेला. हप्ते अद्याप पांच राहिले होते. म्हणजे जें यंत्र राख झालें त्याचे पैसे पुढें पांच महिने भरावयाचे होते. मुलगा चौथ्या दिवशीं शाळेंत आला. ज्यानें त्यानें त्याला हीच म्हण सांगितली, आणि तो ज्याला त्याला “होय” म्हणाला. पुढें कांहीं आठवड्यांनीं मधल्या सुटींत तो आमच्यापाशीं सहज बोलला, तेव्हां खरा प्रकार कळला. त्याच्या आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. मुलानें तिच्या अखेरच्या वर्षांत त्या तिच्याकडून म्हणवून घेऊन संगणकांत सांठविल्या होत्या. आजी गेली होती, आणि आतां ओव्याहि गेल्या. त्या मुलाला पन्नास संगणक आणून दिले असते, तरी त्यांपैकीं एकांतहि तो आवाज नसता.

यावरून दिसून येईल कीं, जळालेल्या यंत्राबद्दल दुःख करणारा मनुष्य लोभीच असतो असें नाहीं. सामान्य कुटुंबांतील यंत्रांत तीन गोष्टी एकत्र सांठलेल्या असतात. पहिली म्हणजे श्रम. ज्याला वीस हजारांची वस्तु घेण्यासाठीं दोन वर्षें पोटाला चिमटा घ्यावा लागला, त्याची ती वस्तु जळाली म्हणजे त्याच्या आयुष्याचीं दोन वर्षें जळालीं. दुसरी गोष्ट म्हणजे साधन. शिंप्याचें विजेवर चालणारें यंत्र, छायाचित्रकाराचा कॅमेरा, मुलीच्या अभ्यासाचा लॅपटॉप हीं ज्याच्या त्याच्या भाकरीचीं अथवा विद्येचीं साधनें होत. तीं गेलीं म्हणजे उद्यांचा दिवस अडतो. तिसरी गोष्ट म्हणजे स्मृति. पूर्वीं घरांतील पत्रें एका पेटींत, छायाचित्रें दुसरींत, हिशेबाच्या वह्या तिसरींत, अशीं विखुरलेलीं असत. आग लागली तरी कांहीं ना कांहीं हातीं लागे. आज हें सर्व तळहाताएवढ्या एका पेटींत भरलेलें असतें, आणि ती पेटी गेली म्हणजे सर्व एकदम जातें. म्हण वापरणारा गृहस्थ फक्त बाजारांतील किंमत पाहतो, म्हणून त्याला पगड्या पन्नास दिसतात.

थोरामोठ्यांनाहि हें दुःख चुकलें नाहीं. निकोला टेस्ला या विद्युत्‌शास्त्रज्ञाचें नांव वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस परिचित आहे. १३ मार्च १८९५ रोजीं पहांटेच्या सुमारास न्यूयॉर्क शहरांतील साउथ फिफ्थ ॲव्हेन्यूवरील त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. त्याच्या केसालाहि धक्का लागला नाहीं. परंतु स्वतः घडविलेलीं यंत्रें, टिपणें व अपुरे प्रयोग एका रात्रींत नाहींसे झाले, आणि त्यांचा विमाहि उतरविलेला नव्हता. एवढा धीराचा पुरुष, पण या आघातानें तो कांहीं काळ अगदीं खचला. त्याचें डोकें तर सलामत होतें, आणि त्या डोक्यांत जगास प्रकाश देण्याइतकी बुद्धि होती! तेव्हां टेस्ला खचला तर तें थोर पुरुषाचें दुःख, आणि शेजारचा मुलगा रडला तर तो वेडा लोभ, असा भेद आपण कोणत्या न्यायानें करावा?

मग अशा कुटुंबास काय सांगावें, असा प्रश्न वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, सांगण्याचें काम थोडें आणि करण्याचें काम पुष्कळ असतें. “काय काय गेलें?” एवढें विचारावें आणि तो मनुष्य सांगेल तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, यादी लांबली म्हणून कंटाळूं नये. त्यानंतर आपल्या घरीं जाऊन आपल्या मोबाइलांत, आपल्या जुन्या आल्बमांत शोधावें. त्यांच्या मुलीच्या लग्नाचीं, मुलाच्या बारशाचीं छायाचित्रें आपल्यापाशींहि असतात. कारण आपण तेथें पाहुणे म्हणून गेलों होतों. तीं गोळा करून त्यांस द्यावीं. जळालेल्या घरास देण्याजोगी याहून मोलाची भेट दुसरी नाहीं, आणि तिला पैसा लागत नाहीं. आपल्याकडे न वापरतां पडून असलेला चांगला मोबाइल किंवा संगणक असेल तर तो अभ्यासापुरता द्यावा. वर्गबंधूंनीं आपल्या वह्या उतरवून द्याव्या. जाणत्या गृहस्थांनीं कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रती मिळवून देण्यास हातभार लावावा. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत शाळेंतून मिळते, सातबाराचा उतारा महाभूमि अभिलेखांतून निघतो, आणि सरकारच्या २०१५ सालीं सुरू झालेल्या डिजिलॉकर योजनेंतून अनेक दाखले पुन्हां काढतां येतात. एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. वरून चांगलें दिसणारें यंत्र धुराच्या खोलींतून निघालें असेल तर तें लगेच विजेस जोडूं नये. तारांवरील प्लॅस्टिक जळतांना जो आम्लधर्मी धूर निघतो, तो यंत्राच्या आंतील नाजूक तारा व सांधे कुरतडतो. जाणत्या कारागिराकडून तें तपासून घ्यावें. विशेषतः त्यांतील सांठवण काढून घेतां येते काय, हें विचारल्याशिवाय तें भंगारांत टाकूं नये.

आतां तिसरी आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची वेळ, म्हणजे आगीच्या पूर्वींची. आगीचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते. जी वस्तु एकच होती ती गेली. जिची जोड दुसरीकडे होती ती राहिली.

बंगालमधील श्रीरामपूर येथील छापखान्याचें उदाहरण घ्या. मराठी भाषेचा या छापखान्याशीं जुना ऋणानुबंध आहे. विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं आणि मोडी लिपींतील मराठी-इंग्रजी कोश १८१० सालीं तेथेंच छापला गेला. ११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं त्या छापखान्यास आग लागली. कॅरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. जीवितहानि झाली नाहीं. परंतु कागदाचे सांठे, अनेक लिपींचे खिळे आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळालीं. ढिगारा उपसतांना अक्षरें घडविण्याचे पोलादी ठसे शाबूत सांपडले. वितळलेल्या शिशाचा रस करून त्याच ठशांच्या साह्यानें नवे खिळे ओतण्यांत आले, आणि कांहीं आठवड्यांतच छपाई पुन्हां सुरू झाली. परंतु अनेक भाषांचा जो एकत्रित कोश कॅरी तयार करीत होते, त्याचें हस्तलिखित एकच होतें. तो कोश जगाच्या हातीं कधींच आला नाहीं. मराठी कोश मात्र दोन वर्षांपूर्वीं छापून ठिकठिकाणीं गेला असल्यामुळें त्यास आगीची आंच लागली नाहीं. एकाच माणसाचे हे दोन ग्रंथ. एक घरांत होता, दुसरा जगांत गेला होता.

टेस्लाचेंहि तसेंच झालें. त्याच्या विद्युत्‌यंत्रांचे मुख्य एकाधिकार १८८८ सालींच सरकारदफ्तरीं नोंदले गेले होते, आणि त्याच्या व्याख्यानांचा व शोधांचा ग्रंथ आगीच्या पूर्वींच्या वर्षीं प्रसिद्ध झाला होता. त्यामुळें प्रयोगशाळा जळाली तरी त्याच्या पद्धतीची वीज नायगारा येथून १८९६ सालीं बफेलो शहरास पोंचली. जें टिपणवहींतच राहिलें होतें त्याची काय गति झाली, हें सांगावयास नको.

हे जुने दाखले झाले. आतां अगदीं अलीकडचे दोन पाहूं. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंतील लॉस एंजेलिसच्या आसमंतांत वणवे पेटून सोळा हजारांहून अधिक घरें व इमारती जळाल्या, आणि एकतीस माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत आर्नोल्ड शोनबर्ग या विख्यात संगीतकाराचें संगीत प्रसिद्ध करणाऱ्या बेलमाँट या संस्थेचें भांडार भस्मसात् झालें. संगीतकाराच्या चिरंजीवांच्या घराच्या मागेंच तें होतें. वादकांस पुरविण्याच्या सुमारें एक लक्ष स्वरलिपि-प्रती त्यांत होत्या. ही हानि फार मोठी. परंतु शोनबर्ग यांच्या हातचीं मूळ हस्तलिखितें त्या शहरांत नव्हतींच. तीं व्हिएन्ना येथील संग्रहालयांत पूर्वींच सुरक्षित ठेवलेलीं होतीं. म्हणून भांडार जळालें, पण संगीत जळालें नाहीं.

याच्या उलट दक्षिण कोरियाची गोष्ट. तेथील डेजॉन शहरांत सरकारी संगणकांचें केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं तेथें लिथियम बॅटऱ्यांनीं पेट घेतला. सरकारी नोकर आपलीं कामें ज्या सामाईक सांठवणींत ठेवीत, ती ८५८ टेराबाइट एवढी सांठवण त्या आगींत नष्ट झाली. ती इतकी मोठी होती कीं, तिची दुसरी प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती! संगणकविद्येंत अग्रेसर असलेल्या राष्ट्राच्या हातून जर हें घडतें, तर आपल्या घरीं तें घडणार नाहीं, असें मानण्यास काय आधार आहे?

यावरून पालकांस आमची विनंति अशी. घरांतील अमोल अशा गोष्टींची, म्हणजे आईवडिलांचीं छायाचित्रें, वडील माणसांचे आवाज, दाखले, मुलांचें लेखन यांची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरांत ठेवा. दुसऱ्या खोलींत ठेवून उपयोग नाहीं. आग भिंत मानीत नाहीं. एक लहानशी हार्ड डिस्क मामाच्या किंवा मावशीच्या घरीं ठेवावी, आणि सणावारास जाणें होतें तेव्हां ती नवी करून यावी. ज्यांना सोय आहे त्यांनीं इंटरनेटवरील सांठवणीचाहि उपयोग करावा. मात्र तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, जळणाऱ्या यंत्रांतच ठेवूं नये. कित्येकांस वाटतें कीं, लोखंडी अग्निरोधक तिजोरी घेतली म्हणजे काम झालें. त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, कागदांसाठीं बनविलेल्या अशा तिजोरीच्या आंतील उष्णता १७७ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली तरी ती कसोटीस उतरते; कारण तेवढ्यानें कागद पेटत नाहीं. संगणकीय सांठवणीसाठीं ठरविलेली मर्यादा अवघी ५२ अंश आहे. जी पेटी खरेदीखत वांचवील, ती आजीचा आवाज वांचवीलच असें नाहीं.

जी पगडी पन्नास वेळां मिळते तिच्यासाठीं विमा आहे. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशांत ‘भारत गृह रक्षा’ या नांवाची एकसारख्या अटींची घरविम्याची योजना सर्व संबंधित विमा कंपन्यांस ठेवावी लागते. तींत घराच्या इमारतीचा विमा उतरविला असतां, त्या रकमेच्या २० टक्के, परंतु कमाल दहा लक्ष रुपयांपर्यंत, घरांतील सामान्य सामानाचाहि विमा आपोआप होतो. भाड्याच्या घरांत राहणारास केवळ सामानाचाहि विमा घेतां येतो. वस्तूंची यादी, पावत्या व प्रत्येक खोलीचीं चार छायाचित्रें त्याच दुसऱ्या घरीं ठेवलीं, म्हणजे आगीनंतर “तुमच्यापाशीं काय होतें?” या प्रश्नास आठवणीनें उत्तर द्यावें लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट. ज्या यंत्रांवर आपण एवढा जीव लावतों, त्यांचेंच पोट कधीं कधीं आगीचें उगमस्थान होतें. लिथियम बॅटरींतील द्रव ज्वालाग्राही असतो. ती फुगली, ठेचली किंवा अति तापली म्हणजे आंतील उष्णता आपली आपणच वाढत जाते, आणि मग ती आवरणें कठीण. म्हणून फुगलेली बॅटरी घरांत ठेवूं नये. मोबाइल उशीखालीं ठेवून चार्ज करूं नये. आणि विजेच्या दुचाकीची बॅटरी बाहेर पडण्याच्या दारांत चार्जिंगला लावूं नये, कारण तिनें पेट घेतल्यास घरांतील माणसांची वाटच बंद होते. एका बोर्डावर पांच यंत्रांचा भार घालण्याची आपल्याकडील संवयहि सोडली पाहिजे. विजेच्या आगीवर पाणी टाकण्यापूर्वीं मुख्य स्विच बंद करावा, आणि तो कोठें आहे हें घरांतल्या मुलासहि माहीत असावें.

कोणी म्हणेल, “वस्तूंवर इतकी आसक्ति ठेवण्यास मुलांना कां शिकवितां? जें नाशवंत आहे तें जाणारच.” हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. वस्तूची हांव धरणें निराळें, आणि वस्तूंत सांठलेल्या माणसाची कदर करणें निराळें. ज्याला आजीच्या ओव्यांचें मोल कळतें, तोच त्यांची दुसरी प्रत करून ठेवील; ज्याला यंत्राचीच हांव आहे, तो नवें यंत्र मिळतांच जुनें विसरेल. वैराग्याचा उपदेश ज्यानें त्यानें स्वतःस करावा. तो शेजाऱ्याच्या राखेवर उभें राहून करणें शोभत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां सुटी लागण्याच्या बेतांत असेल. या सुटींत एक काम कराच. घरांतील सर्वांना एकत्र बसवून विचारा कीं, आपलें घर आज जळालें तर कोणती गोष्ट पुन्हां मिळणार नाहीं? उत्तरें ऐकून तुम्हांस आश्चर्य वाटेल. बहुधा त्यांत महागाची वस्तु एकहि नसेल. आई एखाद्या पत्राचें नांव घेईल, वडील एखाद्या छायाचित्राचें. त्यांची प्रत करा, आणि सुटींत ज्या गांवीं जाल तेथें विश्वासाच्या घरीं ठेवून या. आजोबा-आजी हयात असतील तर त्यांच्यापाशीं बसून त्यांचा आवाज उतरवून घ्या, आणि तोहि दोन ठिकाणीं ठेवा. एवढें केलें म्हणजे, ईश्वर न करो, पण कधीं तसा प्रसंग आलाच, तर तुम्ही एकहि वस्तु न उचलतां आणि मागें न पाहतां दाराबाहेर पडूं शकाल. आणि तेव्हां ती म्हण तुमच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरेल.